रणभूमि, जीपगाडी आणि वाचक

प्रत्येक पिढीची आपली एक यात्रा असते. आमच्या पणज्यांची पिढी काशीरामेश्वर करून कृतार्थ होई. पुढें हिमालय आला, विलायत आली. आणि आतां कांहीं वर्षांपासून सुशिक्षित कुटुंबांत एका नव्या यात्रेची आवड दिसूं लागली आहे. ती म्हणजे रणभूमीची यात्रा. फ्रान्सांत नॉर्मंडीच्या ज्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजीं दोस्तांचीं सैन्यें उतरलीं, तेथें त्या युद्धांतील जुन्या जीपगाड्या दुरुस्त करून त्यांतून प्रवाशांस रणक्षेत्र दाखविण्याचा व्यवसाय उत्तम चालतो. आपल्याकडे इंफाळ व कोहिमा येथील १९४४ च्या लढायांचीं ठिकाणें पाहावयास लोक जाऊं लागले आहेत. १५ जानेवारी २०२५ रोजीं, सेनादिनीं, 'भारत रणभूमी दर्शन' ही सरकारी योजनाही जाहीर झाली असून लोंगेवाला, गलवान यांसारख्या ठिकाणांचा तींत समावेश आहे. अशा सहलीवरून परत आलेल्या गृहस्थाजवळ जुन्या हिरव्या गाडीच्या चाकाशीं बसून काढलेलें एक छायाचित्र बहुधा असतेंच.

ही हौस नवी असली तरी तिची परीक्षा करण्याचीं साधनें आमच्याजवळ जुनींच आहेत. कारण रणभूमि दाखविणें हा मुळांत कथनाचाच एक प्रकार आहे. मोकळें माळरान, एखादी टेकडी, एखादा नाला आपण होऊन कांहीं सांगत नाहीं. त्याला बोलतें करावें लागतें. कोठून आरंभ करावयाचा, कोणत्या बाजूनें पाहावयाचें, कोणाचें नांव घ्यावयाचें व कोणाचें गाळावयाचें, हें सर्व वाटाड्याला ठरवावें लागतें. आणि ग्रंथकार तरी याहून निराळें काय करतो? म्हणून रणभूमि हा मूळ ग्रंथ व सहल ही त्यावरील टीका असें मानल्यास, ती टीका मुळाला धरून आहे कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार समीक्षकाला पोंचतो. तो बजावणें अगत्याचेंही आहे. ज्या मुलांनीं युद्ध पाहिलेलें नाहीं, त्यांच्या मनावर युद्धाचें पहिलें चित्र यापुढें पुस्तकापेक्षां अशा सहलींतूनच उमटण्याचा संभव अधिक.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. जीपगाडी ही केवळ शोभेची वस्तु नव्हे. अमेरिकन सैन्याच्या मागणीवरून १९४०-४१ सालीं ती आकारास आली, आणि १९४५ पर्यंत विलीस व फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. पाव टन बोजा वाहावा, चारही चाकांना यंत्राची गति मिळावी, पुढची कांच दुमडून आडवी करतां यावी आणि चिखलांत रुतल्यास चारदोन माणसांनीं ढकलून बाहेर काढावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. दार नाहीं, छप्पर कापडाचें, बैठक कठीण. १९४७ सालीं मुंबईस या गाडीची जुळणी सुरू झाली, आणि पुढें तहसीलदारापासून जंगल अधिकाऱ्यापर्यंत साऱ्या सरकारी फिरतीचें ती चिन्हच होऊन बसली. विदर्भांतील खेड्यांत दुरून तिची धूळ दिसली म्हणजे सरकार आलें, असें लोक समजत. नागपूर ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होतें, त्याच प्रांतांतील जबलपुरास पुढें 'जोंगा' नांवाची लष्करी गाडी १९९९ पर्यंत तयार होत असे. तेव्हां अशा गाडीविषयीं आमच्या मनांत जिव्हाळा असणें स्वाभाविक आहे.

तिच्यांत बसून रणभूमीवर गेल्यानें जें मिळतें तेंही खोटें नव्हे. बंद कांचांच्या थंड मोटारींतून चढ हा चढ वाटत नाहीं व अंतर हें अंतर वाटत नाहीं. उघड्या गाडींत धूळ नाकांत जाते, प्रत्येक दगड पाठीला कळतो, उन्हाचा ताप डोक्यावर येतो. युद्धेतिहासाच्या पुस्तकांत 'सैन्य सायंकाळपर्यंत चार मैल पुढें सरकलें' असें एक साधें वाक्य असतें. ते चार मैल ज्यानें असे भोगले, तो तें वाक्य पुन्हां वाचील तेव्हां निराळ्या आदरानें वाचील. जें ज्ञान शरीराच्या वाटेनें येतें त्याला कमी लेखण्याचें कारण नाहीं. आमचा आक्षेप या ज्ञानावर नाहीं. तें जेथें संपतें तेथें गाडी मात्र थांबत नाहीं, यावर आहे.

पहिली अडचण काळाची. आफ्रिकेंतील केरेन येथें फेब्रुवारी व मार्च १९४१ मध्यें इटालियन सैन्याशीं जी घनघोर लढाई झाली, तींत मराठा पलटणीनें मोठा पराक्रम केला. ते कडे इतके उभे होते कीं दारूगोळा व पाणी माणसांनीं पाठीवर वाहून वर नेलें. जीपगाडी त्या रणांगणावर आलेलीच नव्हती. केरेनचा अर्थ ज्यास पाहावयाचा असेल त्यानें पाण्याचा डबा खांद्यावर घेऊन एकदां तो चढ चढावा. पुढें इटलींतील डोंगरांतही, जीप जेथपर्यंत जाई तेथून पुढें खेंचरें व त्यांना हांकणारे आमचे लोक जात. परंतु जुन्या गाडीचा रंग, तिच्यावरील पांढरा तारा व जाळीचें आच्छादन यांनीं प्रवाशाचें मन इतकें भारून जातें कीं गाडी म्हणजेच युद्ध असें त्याला वाटूं लागतें. काव्यांत अलंकार अर्थाला झांकूं लागला म्हणजे आपण त्यास दोष म्हणतों. येथेंही तोच न्याय लावला पाहिजे.

दुसरी अडचण बाजूची. गाडी कोणाची तरी असते. आणि तिच्यांत जो बसतो तो नकळत त्या बाजूचा होतो. मणिपुरांतील सांगशाक या नागा गांवीं २२ ते २६ मार्च १९४४ या दिवसांत हिंदी छत्री-ब्रिगेडनें जपानी फौजेला अडवून धरलें. त्या ब्रिगेडसमवेत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती, आणि त्या पांच दिवसांतील तिची चिकाटी खरोखरच स्मरणीय आहे. पण त्याच मोहिमेंत, जपानी फौजेच्या बरोबरीनें, आझाद हिंद सेनेचे हिंदी शिपाई दुसऱ्या बाजूस होते. १४ एप्रिल १९४४ रोजीं त्यांनीं मोइरांग येथें तिरंगा उभारला. शिवाय ज्यांच्या घरांतून व शेतांतून हीं दोन्ही सैन्यें गेलीं ते टांगखुल व मैतेई लोक तर कोणत्याच बाजूचे नव्हते. आतां सांगा, अमेरिकन बनावटीच्या, दोस्तांच्या खुणा मिरविणाऱ्या गाडींत बसून या तिघांपैकीं एकाचीच गोष्ट ऐकूं येईल कीं नाहीं? ती गोष्ट खोटी नसेल, परंतु ती एकतृतीयांश असेल, आणि ऐकणारा ती पूर्ण समजून घरीं जाईल. इंफाळजवळ लाल टेकडीच्या पायथ्याशीं २०१९ सालीं जें शांतिसंग्रहालय उघडण्यांत आलें, त्याच्या उभारणीस जपानी संस्थेनें साहाय्य केलें आहे. रणभूमीचें भाष्य एका पक्षाच्या हातीं राहूं नये ही जाणीव तेथें दिसते, आणि ती अनुकरणीय आहे.

तिसरी अडचण रसाची. आणि आमच्या मतें तीच सर्वांत मोठी. अशा सहलींचें कथन, आणि त्यांवरून लिहिलीं जाणारीं प्रवासवर्णनें, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वीररसांतच राहतात. चित्रपटांनीं या संवयीस भर घातली आहे. लोंगेवाल्याच्या वाळवंटांत डिसेंबर १९७१ मध्यें पंजाब पलटणीच्या सुमारें सव्वाशें जवानांनीं रात्रभर रणगाडे थोपवून धरले, हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु बहुतेकांना तें १९९७ च्या 'बॉर्डर' या चित्रपटावरून ठाऊक आहे, आणि तेथें गेल्यावर त्यांचे डोळे त्या जागेंत चित्रपटच शोधीत असतात. वीररस त्याज्य आहे असें कोण म्हणेल? पण ज्या भूमींत माणसें मेलीं तेथें जाऊन केवळ उत्साहच घेऊन परतणें म्हणजे त्या भूमीचें अर्धेंच पान वाचणें होय.

या बाबतींत आमच्या वाङ्मयानें फार पूर्वींच एक धडा घालून दिला आहे. आमच्याकडील अगदीं आरंभींच्या रणभूमिदर्शनांपैकीं एक महाभारतांतील स्त्रीपर्वांत आहे. अठरा दिवसांचें युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र कुलस्त्रियांसह कुरुक्षेत्रीं जातो, आणि व्यासांच्या वरानें लाभलेल्या दृष्टीनें गांधारी तें क्षेत्र पाहते व कृष्णाला दाखविते. येथें वाटाड्या कोण आहे तें लक्षांत घ्यावें. जिंकणारा सेनापति नव्हे. शंभर मुलगे गमावलेली माता. आणि ती केवळ आपल्याच मुलांसाठीं रडत नाहीं. शत्रूचा मुलगा अभिमन्यु व त्याच्या देहाशीं बसलेली उत्तरा यांच्यापाशींही ती थांबते. महाभारताचा अंगी रस शांत आहे असें आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त म्हटलें, त्याचें मर्म या पर्वांत चांगलें कळतें. ज्या ग्रंथांत एवढा वीर आहे तो वीरापाशीं थांबत नाहीं. करुणांतून पलीकडे जातो. आधुनिक सहलींतील वाटाड्यांस एवढी उंची साधणार नाहीं हें उघड आहे. पण तिकडे तोंड तरी असावें.

मराठी गद्यांतही याचीं दोन चांगलीं उदाहरणें आहेत. पहिलें विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास'. चिं. वि. वैद्य यांनीं तें १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस निघालेला हा वरसईचा भिक्षुक ब्राह्मण १८५७ च्या धामधुमींत सांपडला आणि १८५८ सालीं झांशीच्या वेढ्यांत स्वतः होता. त्याच्यापाशीं शस्त्र नाहीं, पक्षाचा अभिनिवेश नाहीं, वाहन म्हणाल तर मुख्यतः आपलेच पाय. म्हणून त्याला विहीर दिसते, लुटलेलें घर दिसतें, अन्नाची पंचाईत दिसते. युद्ध हें सामान्य माणसाच्या उंचीवरून कसें दिसतें, याचा इतका प्रामाणिक पुरावा मराठींत विरळा. दुसरें उदाहरण त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचें. त्यांचा पानिपतावरील प्रबंध १९४६ सालीं इंग्रजींत व १९६१ सालीं मराठींत ग्रंथरूपानें आला. १४ जानेवारी १७६१ या दिवसाभोंवतीं आमच्याकडे शोकाचें व अभिमानाचें जें दाट धुकें जमलें होतें, त्यांत शेजवलकरांनीं अंतरें, वाटा, रसद व राजकारण यांचा हिशेब आणला. एकानें करुणा दिली, दुसऱ्यानें विवेक दिला. जीपगाडीच्या प्रवाशाजवळ यांपैकीं एक तरी शिदोरी असावी, अशी अपेक्षा करणें फाजील नव्हे.

आतां ही कसोटी आपल्या दारांतल्याच रणभूमीला लावून पाहूं. नागपूरकराला त्यासाठीं नॉर्मंडीस किंवा मणिपुरास जाण्याची गरज नाहीं. सीताबर्डीची टेकडी तो रोज पाहतो. पायथ्याशीं बाजार, शेजारीं रेल्वेस्टेशन, आणि आतां मेट्रोचे दोन मार्ग जेथें एकमेकांस छेदतात तें स्थानकही सीताबर्डीचेंच. २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळीं या जागीं अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा व कंपनीच्या पलटणी यांच्यांत गोळीबार सुरू झाला, आणि तो दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत चालला. कंपनीच्या बाजूस कर्नल स्कॉट यांच्या हाताखालीं चौदाशेंच्या आसपास माणसें होतीं. भोसल्यांची फौज त्यांच्या कितीतरी पट होती. २७ च्या सकाळीं अरबांनीं लहान टेकडी काबीज केली व तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळविली. त्या क्षणीं कंपनीचें काम संपल्यासारखेंच होतें. मग कॅप्टन फिट्जेराल्ड यांच्या घोडदळानें खालच्या मैदानांत चढाई केली, लहान टेकडी परत घेण्यांत आली, आणि पारडें फिरलें. कंपनीचे मेलेले व जखमी मिळून ३६७ होते, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक. १६ डिसेंबरला नागपुराजवळ दुसरी लढाई होऊन भोसल्यांची फौज मोडली. तरी शहरांतील अरब महिन्याच्या अखेरपर्यंत हटले नाहींत, आणि २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर झालेला कंपनीचा हल्ला त्यांनीं परतविला. टेकडीवरचा किल्ला यानंतरचा आहे. तो जिंकणाऱ्यांनीं बांधला. १८५४ सालीं नागपूरचें राज्यही खालसा झालें.

ही कथा ज्याला सांगावयाची आहे त्यानें उभें कोठें राहावें? स्वाभाविकपणें तो टेकडीच्या माथ्यावर उभा राहतो, कारण तेथून सर्व दिसतें. पण तो माथा कंपनीचा आहे. तेथून पाहतांना चौदाशें माणसांचें धैर्य हीच एक गोष्ट उरते, आणि पूर्वेस महालाकडे पसरलेलें शहर हें केवळ 'शत्रूचें ठिकाण' होतें. उलट खालीं, शहराच्या बाजूस उभें राहून पाहिल्यास फंदफितुरी व दुर्दैव यांचें रडगाणें सुरू होतें, आणि तोफ हातीं येऊनही टेकडी कां टिकली नाहीं, एवढी फौज एका योजनेनें कां चालली नाहीं, हे कठोर प्रश्न बाजूस पडतात. आणखी एक गोष्ट दोन्हीं जागांवरून दिसत नाहीं. टेकडी राखणारे बहुतेक मद्रास इलाख्यांतले शिपाई होते. ती घेऊं पाहणारांत पगारी अरब पुढें होते. ज्या लढाईनें नागपूरचें भवितव्य ठरलें, तींत दोन्हीं बाजूंस जीव देणारे पुष्कळसे लोक नागपूरचे नव्हतेच. या गोष्टीचा अभिमानाशीं मेळ बसत नाहीं व शोकाशींही पुरता बसत नाहीं. म्हणूनच ती सांगितली जात नाहीं. या. मा. काळे यांनीं १९३४ सालीं 'नागपूर प्रांताचा इतिहास' लिहून या प्रांताचा वृत्तांत मराठी वाचकांपुढें ठेवला. परंतु त्या वृत्तांतावरून टेकडीची प्रत्यक्ष वाट चालणारे वाचक किती निघाले, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

येथें प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाहीं. ज्या समाजाला आपल्या पराभवाची भूमि वाचतां येत नाहीं, तो दुसऱ्याच्या विजयाच्या भूमीवर जाऊन उसना उत्साह घेतो. आमच्या माणसांचा पराक्रमही मग त्याला नीट दिसत नाहीं. इटलींत १० जुलै १९४४ रोजीं नाईक यशवंत घाडगे यांनीं एकट्यानें शत्रूच्या यंत्रबंदुकीच्या ठाण्यावर झडप घातली, आणि तें घेतल्यावर तेथेंच त्यांना मरण आलें. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या तीरावर नामदेव जाधव यांनीं दोघां जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाहून आणलें, शत्रूचीं ठाणीं नष्ट केलीं, आणि काठावर चढून मराठ्यांचा रणघोष करीत मागच्यांस पुढें बोलाविलें. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड व संगमनेर या भागांतले हे तरुण परक्या निशाणाखालीं, परक्या देशांत, स्वतःचा रणघोष करीत लढत होते. यांत अभिमान आहे, व्यथाही आहे, आणि या दोहोंपैकीं एक काढून टाकल्यास त्यांची गोष्ट उरत नाहीं. २०२३ सालीं इटलींतील मोंटोने या गांवीं घाडग्यांच्या नांवानें स्मारक म्हणून एक छायायंत्र उभारण्यांत आलें. सर्व माणसें एकाच सूर्याखालीं राहतात, अशा आशयाचें वचन त्यावर कोरलें आहे. त्या गांवच्या लोकांनीं आपल्या भूमीवर मेलेल्या परक्याचें वाचन आमच्याहून चांगलें केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "तुमचें म्हणणें खरें मानलें तरी लोक निदान जातात तरी, न जाण्यापेक्षां जीपमधून जाणें काय वाईट?" हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मुलाला पहिली ओढ गाडीचीच लागणार, आणि ती लागावी. बालवयांत गोष्टींतल्या घोड्यावर मन बसतें, मग हळूहळू स्वार दिसतो, मग तो कां लढला हा विचार येतो. गाडी ही उपोद्घात म्हणून उत्तम आहे. दोष इतकाच कीं पुष्कळ सहली उपोद्घातापाशींच संपतात आणि ग्रंथ न उघडतां परततात.

म्हणून जाणाऱ्या कुटुंबांस आमची विनंति एवढीच कीं वाटाड्याला तीन प्रश्न विचारावे. या जागीं दुसऱ्या बाजूस कोण होतें व तीं माणसें कोठलीं? युद्ध येथून जाण्यापूर्वीं येथें कोण राहत होतें व नंतर त्यांचें काय झालें? आणि ही गाडी जेथें थांबली तेथून पुढें माणसें कशीं गेलीं? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें ज्या सहलींत मिळतील ती सहल चांगली, मग वाहन कोणतेंही असो. नागपूरच्या वाचकांना तर ही परीक्षा विनाखर्च करतां येईल. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यांत असून प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिन यांसारख्या मोजक्या दिवशीं नागरिकांस खुला होतो. त्या दिवशीं मुलांना घेऊन वर जावें, पूर्वेकडे महालाच्या दिशेस पाहावें, सकाळची ती लहान टेकडी शोधावी, आणि मग उतरून जुम्मा दरवाजापर्यंत, ज्याला पुढें गांधी द्वार हें नांव मिळालें त्या वेशीपर्यंत, पायींच चालत जावें. अंतर फार नाहीं. पण चौदाशें माणसांची टेकडी आणि त्यांना शेवटपर्यंत न जुमानणारें शहर, हीं दोन्हीं एकाच सकाळीं पाहिलीं म्हणजे पुढें कोणत्याही रणभूमीवर, कोणत्याही गाडींत बसून गेलें तरी, डोळे उघडे राहतील.